ढेपेच्या पोत्याची साक्ष

उर्वरित महाराष्ट्र जिला पेंड म्हणतो तिला वऱ्हाडात ढेप म्हणतात. आणि कपाशी वेचली जाते, जिनात रुई व सरकी वेगळी होते, सरकी पिळून तेल काढले जाते व राहिलेला चोथा ढेपेच्या रूपाने पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात गाईम्हशींच्या पुढ्यात येऊन पडतो, हे चक्र या मुलखात इतके जुने व इतके सर्वपरिचित आहे की त्याची मुद्दाम दखल घ्यावी असे कोणास वाटत नाही. अमरावतीहून नागपूरच्या वाटेवर असलेल्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत आज वस्त्रोद्योग उभा आहे. तेथेच होऊ घातलेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभातून झाले. आणि तिकडे पश्चिमेस अकोल्याचे नाव सरकी पेंडीच्या वायदेबाजारात आधारकेंद्र म्हणून साऱ्या देशात घेतले जाते. रुईच्या भावाची चर्चा गावोगावच्या पारावर होते. तिच्याच पाठच्या बहिणीचा, म्हणजे ढेपेचा, विचार मात्र गव्हाणीपुरता राहतो.

ढेप पारखण्याची जुन्या माणसांची एक रीत होती व ती अजूनही आहे. ढेपेचा तुकडा तळहातावर कुस्करून नाकाशी न्यावयाचा, बुरशीचा कुबट वास येतो काय ते पाहावयाचे, मग मूठभर चुरा घमेल्यातील पाण्यात सोडून घटकाभर थांबावयाचे. हलकी टरफले व त्यांना चिकटून राहिलेले कापसाचे तंतू वर येतात, गर फुगतो, आणि वजनात भर घालण्यासाठी कोणी माती-वाळू मिसळली असेल तर ती तळाशी बसते. ही परीक्षा बिनखर्ची आहे आणि आपल्या कक्षेत ती विश्वासार्हही आहे. परंतु आज गोठ्यात केवळ ढेप येत नाही. सरकी, मका, सोयाबीनची पेंड, तुरीची चुनी, कोंडा, मळी, मीठ व क्षारमिश्रण एकत्र दळून, वाफेवर मऊ करून, यंत्रातून काढलेली बोटभर लांबीची कांडी शिवलेल्या पोत्यातून येते, आणि त्या कांडीत नेमके काय काय गेले आहे हे जाणण्यास तळहात, नाक व घमेले ही तिन्ही साधने अपुरी पडतात. पोत्यावर ‘प्रथिने शेकडा अमुक’ असे छापलेले असते खरे. पण तो आकडा ज्या रीतीने काढतात ती १८८३ साली कोपनहेगनच्या योहान क्येल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेली रीत पदार्थातील नत्र मोजते, त्या नत्राला ठराविक संख्येने गुणून प्रथिनांचा अंदाज बांधते, आणि नत्र सरकीतून आले, माशातून आले, बैलाच्या रक्तातून आले की युरियाच्या गोणीतून आले याविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. म्हणून, या पोत्यात प्राणिज काही आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या प्राण्याचे, या प्रश्नाला आकड्याने उत्तर मिळत नाही. त्यासाठी वेगळीच तपासणी करावी लागते, आणि त्या तपासणीची ओळख वाचकांना करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गवत खाणाऱ्या जनावराच्या खाद्यात हाडामांसाचा अंश घालण्याची बुद्धी मुळात कोणाला आणि का झाली असेल, असे आपल्याकडील माणसाला साहजिकच वाटते. ज्या प्रांतात पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळीचा घास भरवितात तेथे तर हा विचारच अंगावर काटा आणणारा आहे. तथापि त्याचा उगम दुष्टाव्यात नव्हता. जमिनीत व चाऱ्यात स्फुरदाची उणीव असली की गुरे रानात पडलेली हाडे चघळू लागतात. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या आसपास सर आर्नोल्ड थायलर यांनी दाखवून दिले की हाडे चघळणाऱ्या तेथील गुरांना सडक्या अवशेषांतील विषाने मृत्यू येतो, आणि त्यांना स्वच्छ केलेल्या हाडांची पूड खाऊ घातली तर ती हाडांच्या मागे लागत नाहीत. त्या काळी ते उपकारक ज्ञान होते. पुढे पाश्चात्त्य देशांत कत्तलखान्यांतील अवशेष प्रचंड प्रमाणात साठू लागले, ते शिजवून, चरबी वेगळी करून, वाळवून दळले की निम्म्याच्या आसपास प्रथिने असलेली स्वस्त पूड मिळू लागली, आणि औषधाच्या मात्रेने सुरू झालेली वस्तू नित्याच्या आहारात जाऊन बसली. कोंबडीची गोष्ट निराळी आहे. ती उकिरडा उकरून किडे खाणारा, मिश्राहारी पक्षी आहे, आणि तिच्या खाद्यात सुकी मासळी किंवा मांसाची पूड असणे निसर्गाविरुद्ध नाही. गाय रवंथ करणारी आहे, आणि सारा अनर्थ तिच्याच बाबतीत घडला.

नोव्हेंबर १९८६ मध्ये इंग्लंडातील वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेत एका नव्या रोगाचे निदान झाले. गाय बिथरे, पाय लटपटत, ती पडे व मरे. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो स्पंजासारखा छिद्रमय दिसे. बीएसई या आद्याक्षरांनी तो रोग पुढे जगाला माहीत झाला. त्याचे कारण ना जंतू ना विषाणू. प्रायॉन नावाचे, घडी बिघडलेले एक प्रथिन शेजारच्या निकोप प्रथिनाची घडी बिघडवीत जाते, आणि नेहमीच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही. जॉन वाइल्समिथ यांनी बाधित गोठ्यांची कसून चौकशी करून मांस-हाडांच्या पुडीकडे बोट दाखविले, आणि जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना त्याच वर्गातील जनावरांपासून केलेले प्रथिन खाऊ घालण्यास मनाई करणारा हुकूम ब्रिटिश सरकारने काढला. हुकूम निघाला, पण रोग थांबला नाही. मनाईनंतर जन्मलेली हजारो गुरे पुढे आजारी पडली. कारण असे की डुकरांचे व कोंबड्यांचे खाद्य त्याच गिरणीत, त्याच चक्कीवर, त्याच पन्हळीतून तयार होत होते, आणि आधीच्या घाण्याचा चिमूटभर अंश पुढच्या घाण्यात उतरत होता. किती अंश पुरतो याचा पुढे वासरांवर प्रयोग झाला, तेव्हा बाधित मेंदूच्या एका मिलिग्रॅमनेसुद्धा रोग होऊ शकतो असे आढळले. मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे वजन. ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांना हा रोग झाल्याचे सिद्ध झाले, चाळीस लाखांहून अधिक जनावरे प्रतिबंधक म्हणून मारावी लागली, आणि २० मार्च १९९६ रोजी, हा रोग माणसातही उतरला असण्याचा संभव आहे, हे तेथील आरोग्यमंत्र्यांना पार्लमेंटात सांगावे लागले. युरोपीय संघाने जानेवारी २००१ पासून सर्वच पाळीव पशूंच्या खाद्यात प्राणिज प्रथिने वापरण्यास बंदी केली. बंदीचा अंमल होतो आहे की नाही हे पाहावयाचे तर हजार ग्रॅम खाद्यात एक ग्रॅम हाडाची पूड असली तरी ती सापडली पाहिजे. खाद्यपरीक्षेचे आजचे शास्त्र या निकडीतून वाढले.

आता त्या परीक्षेकडे वळू. तिची पहिली पायरी सूक्ष्मदर्शकाची आहे, आणि ती वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घमेल्याची सख्खी बहीण आहे. दहा ग्रॅम नमुना बारीक करून काचेच्या नरसाळ्यासारख्या पात्रात टेट्राक्लोरोएथिलीन नावाच्या द्रवात सोडतात. हा द्रव पाण्याच्या दीडपटीहून जड असल्यामुळे कोंडा, टरफल, गर, मांसतंतू असे सर्व सेंद्रिय कण त्यावर तरंगतात, आणि हाडाचे, खवल्याचे व खनिजाचे जड कण तेवढे तळाशी बसतात. मग खालची तोटी उघडून तो चिमूटभर गाळ वेगळा काढावयाचा, वाळवावयाचा व काचपट्टीवर पसरावयाचा. परीक्षकाच्या डोळ्यास येथे एक वेगळेच जग दिसते. हाडाच्या कणात, जिवंतपणी ज्या बारीक पोकळ्यांत हाडाच्या पेशी राहत होत्या, त्या पोकळ्या हवा अडकल्यामुळे काळ्या ठिपक्यांसारख्या उठून दिसतात: जमिनीवरील प्राण्यांत त्या अंडाकृती, आणि माशांत बहुधा लांबट, चातीसारख्या निमुळत्या. अलिझरिन नावाच्या रंगाने हाड लालसर होते, वाळू होत नाही, म्हणून शंकेच्या जागी तो रंग वापरतात. वर तरंगलेल्या भागात केस, पिसांचे तंतू, आडव्या रेघांचे मांसतंतू शोधावयाचे. आणि खाद्य आपल्याकडील असेल तर त्या पसाऱ्यात सरकीच्या टरफलाला चिकटलेला, फितीला पीळ घालावा तसा वळलेला कापसाचा तंतू हमखास भेटतो. तो एकदा ओळखीचा झाला की केसाशी त्याची गल्लत होत नाही. हे काम यंत्राचे नाही, नजरेचे आहे. वर्षानुवर्षे काचेला डोळा लावून बसलेल्या माणसाचा अनुभव येथे कामी येतो, आणि त्या अनुभवाचे मोल आपल्याकडे पुरेसे होत नाही असे मला फार वाटते.

परंतु सूक्ष्मदर्शक फार तर एवढेच सांगतो की येथे हाड आहे आणि ते माशाचे नाही. ते गाईचे, डुकराचे की कोंबडीचे, हे तो निश्चयाने सांगू शकत नाही. प्राण्याची जात ओळखण्याची जुनी युक्ती रक्ताची होती: १९०१ साली पाउल उलेनहुट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की एखाद्या प्राण्याचे प्रथिन सशाला टोचले तर सशाच्या रक्तात त्या प्राण्याचे प्रथिन ओळखणारी द्रव्ये तयार होतात, आणि त्या सशाच्या रक्तातील निवळी संशयित डागाच्या द्रावणात मिसळली की जुळणी असेल तेथे गढूळपणा येतो. न्यायालयांत या परीक्षेने अनेक वर्षे साक्ष दिली. मात्र प्रथिन शिजले की त्याचे रूप पालटते, आणि मांस-हाडांची पूड तर भट्टीतून निघालेली असते. युरोपच्या नियमानुसार ती १३३ अंश उष्णतेवर, वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली, वीस मिनिटे शिजलेली असावी लागते. एवढ्या आचेत उलेनहुटचा साक्षीदार मुका होतो. स्नायूंतील काही प्रथिने उष्णतेतही टिकतात, त्यांच्यावर आधारलेल्या नव्या कसोट्या निघाल्या आहेत, त्या उपयुक्तही आहेत. परंतु आज भर आहे तो डीएनएवर.

डीएनए हा प्रत्येक जीवाच्या पेशीतील वंशपरंपरेचा दप्तरखाना होय. भट्टीत हे दप्तर जळून नाहीसे होत नाही, पण त्याच्या चिंध्या होतात; म्हणून परीक्षक लांबलचक मजकूर शोधत बसत नाही, शंभराहूनही कमी अक्षरांची एखादी ओळ शोधतो. शिवाय ती ओळ तो पेशीच्या केंद्रकात न शोधता तंतुकणिकेत शोधतो, कारण केंद्रकात ज्या दप्तराच्या दोनच प्रती असतात तेथे तंतुकणिकांत शेकडो, हजारो प्रती असतात, आणि हजारांतील एखादी तरी प्रत आगीतून वाचते. मग त्या ओळीच्या दोन टोकांशी जुळणारे, प्रायमर म्हणून ओळखले जाणारे डीएनएचे आखूड तुकडे नमुन्यात सोडतात. ते असे निवडलेले असतात की रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या ओळीलाच ते चिकटावेत, डुकराच्या किंवा कोंबडीच्या नव्हे. तापविणे व निवविणे यांच्या आवर्तनांत दर खेपेस त्या ओळीची संख्या दुप्पट होते. एकाच प्रतीपासून आरंभ झाला तरी तीस आवर्तनांत ती आदर्शतः १०७ कोटींवर जाते, आणि जे अदृश्य होते ते मोजता येण्याजोगे होते. पीसीआर या नावाने परिचित असलेली ही युक्ती कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली व तिच्यासाठी १९९३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. करोनाच्या साथीत जी तपासणी आपण सर्वांनी नाकात काडी घालून करवून घेतली तिच्या मुळाशी हीच युक्ती होती. युरोपने २०१३ पासून सूक्ष्मदर्शक आणि पीसीआर या दोन्ही परीक्षांना खाद्यतपासणीत अधिकृत स्थान दिले आहे.

डीएनएवरून प्राण्याची जात ओळखण्याच्या विद्येत भारत मागे नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतील सुनीलकुमार वर्मा व लालजी सिंह यांनी या शतकाच्या आरंभी, सायटोक्रोम-बी या जनुकाच्या एका लहान तुकड्यावरून असंख्य प्राण्यांची जात ओळखणारे प्रायमर सिद्ध केले. १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेले मेळघाट आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे, आणि जंगलात जप्त झालेल्या मांसाचा तुकडा चितळाचा की बकरीचा हा प्रश्न वनखात्यापुढे असतोच. मांसासाठी वापरावयाची ही विद्या खाद्यासाठी वापरण्यास तत्त्वतः अडचण नाही. फरक एवढाच की मांसाचा मुद्देमाल ताजा असतो, आणि खाद्यातील मुद्देमाल भाजलेला, दळलेला व शंभर जिनसांत विखुरलेला असतो.

आपल्या देशाला याची गरज काय, असा प्रश्न येईल. भारतात बीएसईचा एकही रुग्णप्राणी नोंदलेला नाही, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला नगण्य जोखमीच्या देशांत स्थान दिले. ही प्रतिष्ठा टिकवावयाची आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनी कोंबड्या, डुकरे व मासे वगळता दुधाच्या व मांसाच्या जनावरांना, गोवंशीय वा वराहवंशीय मांस-हाडांची पूड, रक्ताची पूड व अंतर्गत अवयव असलेले खाद्य देण्यास मनाई केली आहे. दूध व दुग्धजन्य पदार्थ तेवढे त्यातून वगळले आहेत. याहूनही आधी, २००३ पासून, बाहेरून येणाऱ्या दुग्धजन्य मालाबाबत, ज्या जनावरांचे दूध त्यात आहे त्यांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे अवयव वा रक्त खाऊ घातलेले नाही, असा पशुवैद्यकीय दाखला भारत मागत आला आहे, आणि अमेरिकेशी व्यापाराच्या ज्या वाटाघाटी २०२५ मध्ये झाल्या त्यांत हाच दाखला कळीचा मुद्दा होऊन बसला. परक्याकडून जो दाखला आपण आग्रहाने मागतो तो आपल्या घरच्या पोत्यालाही देता आला पाहिजे, आणि तो केवळ शपथेवर नव्हे तर परीक्षेवर देता आला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि निकाल हाती आला म्हणजे फैसला झाला असे मात्र नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडे विशेष आवर्जून सांगावी लागते, कारण या विषयात भावना फार लवकर पेट घेतात. खाद्यात दुधाची भुकटी किंवा निवळी घातली असेल तर पीसीआर गाईचा डीएनए दाखवील, आणि तो निकाल खराही असेल. पण त्याचा अर्थ गाय कापली गेली असा नाही. अशा वेळी पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे जावे लागते: हाडाचा कण नाही, मांसतंतू नाही, केस नाही, तर डीएनए दुधाचा असण्याचा संभव मोठा. उलटपक्षी, युरोपात शुगरबीटच्या चोथ्यात हाडाचे कण सापडून मोठी खळबळ उडाली, आणि शोधाअंती निष्पन्न झाले की ते शेतातील मातीतून, रानटी प्राण्यांच्या अवशेषांतून, कंदाबरोबर आले होते. पुढे नियमांतच त्याची तजवीज करावी लागली. आपल्या गोदामांत ढेपेच्या थप्पीमागे उंदीर मरून पडतो. त्याचेही हाड हाडच आहे. एखादा कण सापडला म्हणून कोणा व्यापाऱ्याच्या दारावर जमाव न्यावा, हा या शास्त्राचा अपमान आहे. कण किती, कोणत्या जातीचा, हाडाचा की दुधाचा, एका पोत्यात की साऱ्या घाण्यात, एवढ्या प्रश्नांची रुजवात झाल्यावरच आरोप उभा राहू शकतो.

आणि हेही नमूद केले पाहिजे की वऱ्हाडातील गाईला मांसाच्या पुडीपेक्षा बुरशीचे भय अधिक जवळचे आहे. ओलसर राहिलेल्या सरकीत, मक्यात व ढेपेत वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष दुधात उतरते. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर आढळले, आणि सरकारचे लक्ष गोठ्यातील खाद्याकडे वळण्यास तो आकडा पुष्कळसा कारण झाला. एकाच नमुन्यातून दोन्ही तपासण्या होऊ शकतात, म्हणून नमुना घेण्याची शिस्त हे साऱ्याचे मूळ आहे. वरच्या पोत्यातील ओंजळभर खाद्य पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले तर त्यावरून साऱ्या मालाविषयी काही ठरत नाही. थप्पीतील निरनिराळ्या पोत्यांत वरून, मधून व तळातून पोकळ सळी खुपसून माल काढावा, स्वच्छ कापडावर त्याचा ढीग करावा, ढिगाचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावेत व दोन बाजूला सारावेत, आणि हवे तेवढे उरेपर्यंत हेच करीत जावे. मग त्याचे दोन सारखे वाटे करून दोन्हींना मोहोर लावावी, एक तपासणीस पाठवावा, दुसरा वाद उद्भवल्यास फेरतपासणीसाठी राखावा. पंचनाम्याची ही शिस्त महसूल खात्याला व पोलिसांना पाठ आहे. तीच गोठ्याच्या दारी आणावयाची आहे.

अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, नागपुरास पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. कोठे कोणती तपासणी होते याचा सल्ला देणारे जाणकार आपल्या दोन्ही अंगांना आहेत. पण नमुनाच नसेल तर जाणकाराने काय करावे? जनावर आजारी पडते किंवा दूध आटते तोवर पोते संपलेले असते, रिकाम्या पोत्याचे बारदान झालेले असते, आणि कैफियत मांडावयास हाती काही उरत नाही. कोरड्या, बंद बरणीत ठेवलेल्या खाद्यातील हाडाचा कण तसाच राहतो व डीएनए महिनोन्महिने टिकतो. म्हणून नांदगाव पेठेपासून अकोटापर्यंत ज्यांच्या दाराशी दुभते जनावर आहे त्या प्रत्येकास माझी विनंती आहे की पुढचे पोते उघडाल तेव्हा आंबोण भिजविण्यापूर्वी त्यातील अर्धा किलो खाद्य वरून, मधून व तळातून काढून स्वच्छ बरणीत भरून ठेवावे, बरणीवर तारीख लिहावी, आणि पोत्याला शिवलेली चिठ्ठी व दुकानदाराची पावती तिच्याबरोबर सहा महिने जपून ठेवावी.